राखणीची स्तोत्रे : प्रस्तावना

पालघर जिल्ह्यात समुद्र पश्चिमेला आणि जव्हार-मोखाडा पूर्वेला, नाशिकच्या घाटाला टेकून. १९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे ते ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. वारली, कोकणा, महादेव कोळी, क ठाकूर, कातकरी अशा जमातींचा हा मुलूख आहे. वरकस जमिनीत नागली-वरई, खाचरात भात, उतारावर खुरासणी. चार महिने डोंगर धबधब्यांनी वाजत असतात आणि होळी सरली की त्याच डोंगरात बायाबापड्या हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. अशा मुलखातल्या वाचकापुढे दूरदेशीची, हिब्रू भाषेतली प्रार्थनागीते ठेवायची, तर ती का ठेवायची हे आधी सांगायला हवे.

हे लिखाण कोणालाही आपला वाघोबा, आपली कणसरी किंवा आपले देवघर सोडायला सांगत नाही. डोंगरात धर्माचा विषय निघाला की माणसे सावध होतात आणि त्याला कारणेही आहेत. म्हणून हा खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. ज्यांच्या घरी बायबल रोज उघडले जाते त्यांना या अभ्यासातून आपल्याच ओळखीच्या ओळी नव्याने भेटतील. ज्यांनी ते कधी हातात घेतलेले नाही त्यांना माणसाने देवाशी बोलण्याची एक जुनी, कसदार रीत पाहायला मिळेल. दोघांचेही इथे सारखेच स्वागत आहे. खरे तर दुसऱ्या वाचकाविषयी मला जरा जास्त कुतूहल आहे. सवयीने कान बोथट होतात, आणि त्याचे कान अजून तसे झालेले नाहीत.

बायबलच्या जुन्या करारात ‘स्तोत्रसंहिता’ नावाचे पुस्तक आहे. त्यात १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांची पाच भागांत मांडणी केलेली आहे. ती एका हातची नाहीत आणि एका काळातलीही नाहीत. ख्रिस्तापूर्वीच्या काही शतकांत ती रचली गेली, गायली गेली, जपली गेली आणि शेवटी एकत्र बांधली गेली. परंपरेने त्यांतली बरीचशी दावीद राजाच्या नावावर आहेत. ती मुळात यहुदी लोकांची; त्यांच्याकडून ती ख्रिस्ती लोकांकडे आली. दोन्ही समाज आजही ती म्हणतात. यहुदी घरांत शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, तिसऱ्या जेवणाला तेविसावे स्तोत्र गाण्याची रीत आहे. ख्रिस्ती लोकांत मयताच्या वेळी तेच वाचतात. जेवणाच्या पाटावर आणि कबरीच्या काठावर एकच गीत चालते, यावरून त्याची ताकद ध्यानात यावी.

या संग्रहात स्तुती आहे, आभार आहेत, राजासाठी गाणी आहेत, यात्रेची गाणी आहेत. सगळ्यात मोठा वाटा मात्र गाऱ्हाण्यांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेर्मान गुंकेल या जर्मन पंडिताने या स्तोत्रांची वर्गवारी केली, ती थोड्याफार फरकाने अजून चालते. त्या वर्गवारीत गाऱ्हाण्यांच्या शेजारी एक लहानसा गट येतो, भरवशाच्या स्तोत्रांचा. तेविसावे, एकशे एकविसावे, एकशे एकतिसावे ही त्यातली नावाजलेली. एक्याण्णवावेही बहुतेक जण त्यांच्याच पंगतीला बसवतात. देव आपली राखण करतो, या एकाच गोष्टीभोवती ती फिरतात. या प्रस्तावनेचा रोख त्यांच्यावर आहे.

त्यांतही तेविसाव्यापासून सुरुवात करावी. अवघ्या सहा वचनांचे हे स्तोत्र आहे. बोलणारा स्वतःला मेंढराच्या जागी ठेवतो आणि देवाला मेंढपाळाच्या. तो मला हिरवळीवर बसवतो, संथ पाण्यापाशी नेतो, माझ्या जिवाला ताजेपणा देतो, असे तो सांगतो. मग वाट एका काळोख्या दरीत उतरते, आणि तिथेही तो घाबरत नाही, कारण मेंढपाळाची काठी सोबत आहे. पाचव्या वचनात चित्र बदलते. आता रान नाही, घर आहे. यजमानाने पंगत मांडली आहे, डोक्याला तेल लावले आहे, पेला काठोकाठ भरला आहे, आणि दाराबाहेर वैरी उभे राहून हे सगळे पाहत आहेत. शेवटच्या वचनात बोलणारा म्हणतो की आता मी याच घरात राहणार.

शहरातल्या वाचकाला हे स्तोत्र भेटते ते बहुधा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. गुबगुबीत पांढरी मेंढरे, मागे इंग्लंडातली वाटावीत अशी कुरणे. त्या चित्राने स्तोत्राचे फार नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. ही स्तोत्रे जिथली, तो यहुदाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतीचा मुलूख डोंगराळ आणि खडकाळ. जेरुसलेमला वर्षाकाठी ५००-५५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. पूर्वेकडे उतरत गेले की तेवढाही नाही. तिथे हिरवळ ही शोधून काढायची गोष्ट असते. आज या खोऱ्यात, उद्या पलीकडच्या उतारावर, असे मेंढपाळाला हुंगत फिरावे लागते. पाणी जेव्हा येते तेव्हा ओढ्याला लोंढा येतो आणि जनावर वाहून जाते. त्यामुळे मेंढराला पाजायला संथ पाणी गाठणे हे कौशल्याचे काम ठरते. जव्हार-मोखाड्यात पाऊस त्याच्या पाचपट पडतो, पण एप्रिलमध्ये डोहाच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर गुरे कुठून उतरवायची हे इथल्या गुराख्याला ठाऊक असते. स्तोत्राचे पहिले दोन चरण समजायला त्याला टीप लागणार नाही.

एक अडचण मात्र आहे. इतक्या पावसाच्या मुलखात मेंढ्या टिकत नाहीत. इथे गाई, बैल, शेळ्या असतात. मेंढपाळ दिसतो तो पावसाळा संपल्यावर, पारनेर-संगमनेरकडचे धनगर घाट उतरून कोकणात येतात तेव्हा. वाचकांनी शक्य असेल तर त्यांचा वाडा एखाद्या संध्याकाळी उभे राहून पाहावा. शेतकऱ्याने खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतलेल्या असतात. दिवस मावळायच्या आत खुंट ठोकून वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, ताणले जाते. मेंढ्या आत येतात तेव्हा धनगर प्रत्येकीवर नजर टाकतो; लंगडणारी कोणती आणि काट्यात अडकून आलेली कोणती, हे तो चालीवरून ओळखतो. नुकते जन्मलेले कोकरू कोणाच्या तरी काखेत असते. कुत्री कडेला बसतात. रात्री लांडगा-बिबट्याची चाहूल लागली तर उठायचे, म्हणून झोप अर्धवटच. काठी उशाशी. तेविसाव्या स्तोत्रातली काठी हीच. ती शोभेची नाही. वाकडे जाणाऱ्याला वळवायला आणि अंगावर येणाऱ्याला हाणायला ती असते. राजा होण्याआधीचा दावीद शौल राजासमोर गोलियाथ या धिप्पाड योद्ध्याशी लढायची परवानगी मागतो, तेव्हा आपली लायकी म्हणून तो हेच सांगतो: बापाची मेंढरे राखताना सिंह आणि अस्वल यांच्या तोंडून मी कोकरू सोडवले आहे. त्या काळी त्या डोंगरांत सिंह होते. स्तोत्रातला भरवसा हा असा, दात पाहिलेल्या माणसाचा भरवसा आहे.

इथे जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला वाघबारस आठवल्याशिवाय राहणार नाही. आश्विन वद्य द्वादशीला, बाकी महाराष्ट्र वसुबारस करतो त्या दिवशी, इथली गुराखी पोरे वाघोबाला पुजतात. गावाच्या शिवेवर, रानाच्या तोंडाशी एक फळी किंवा दगड असतो. त्यावर वाघ कोरलेला आणि वर सूर्य-चंद्र. शेंदूर फासायचा, नारळ-कोंबडे द्यायचे आणि विनवायचे की आमच्या गुरांना, आमच्या पोरांना हात लावू नकोस. ज्याचे भय त्यालाच राखणदार करायचे, ही मोठ्या धीराची रीत आहे. रानात वर्षाचे बारा महिने काढणाऱ्या माणसाने ती शोधलेली आहे. घरात बसून सुचावी अशी ती नव्हे. स्तोत्रकार दुसऱ्या वाटेने जातो. तो श्वापदाशी बोलत नाही. श्वापदाच्या आणि आपल्या मध्ये उभ्या असलेल्याशी बोलतो. दोन्ही रीती ताडून पाहाव्यात, त्यांतली थोर कोणती हे ठरवायची घाई करू नये. दोन्हींत रान खरे आहे आणि भय खरे आहे, हे आधी पाहिले तर पुढची चर्चा सकस होते.

आता स्तोत्राच्या मधोमध असलेल्या एका जागेकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. पहिली तीन वचने देवाविषयी आहेत. तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. ऐकणारा कोणी तिसराच, बोलणारा त्याला देवाबद्दल माहिती देतो आहे. चौथ्या वचनात वाट काळोख्या दरीत शिरते आणि तिथे ‘तो’ गळून पडतो, ‘तू’ येतो. तू बरोबर आहेस, तुझी काठी, तू पंगत मांडतोस. कोणतीही घोषणा न करता हा बदल होतो आणि घाईने म्हणणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. कुरणात असताना देवाविषयी बोलता येते. अंधारात त्याच्याशी बोलावे लागते. आजारी पोराला खांद्यावर टाकून रात्रीच्या वेळी पाड्यावरून दवाखान्याकडे निघालेल्या आईबापांना हे कळते. पुढे शेवटच्या वचनात, घरी पोचल्यावर, स्तोत्र पुन्हा ‘परमेश्वराचे घर’ असे तिसऱ्या माणसाच्या भाषेत बोलू लागते. एवढ्या लहान रचनेत हे वळण कोणी कसे बसवले असेल याचे मला अजून नवल वाटते.

पाचव्या वचनातली पंगत मात्र या मुलखात सहज वाचून पुढे जाता येत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली आणि राज्यभर खळबळ उडाली. पुढे नवसंजीवनी योजना आली, आरोग्ययंत्रणा वाढली. तरी कुपोषण आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर होणारे स्थलांतर हे शब्द या दोन तालुक्यांना चिकटून राहिले आहेत. ज्याच्या घरी पावसाळ्याच्या तोंडाशी कणगी रिकामी होते त्याला भरल्या ताटाचे गीत कसे ऐकवायचे? हा प्रश्न वाचकांनी टाळू नये, आणि त्याला गोड उत्तरही देऊ नये. स्तोत्राकडे नीट पाहिले तर ते वैरी नाहीसे झाले असे म्हणत नाही. पंगत त्यांच्या डोळ्यांदेखत मांडलेली आहे. ज्यांनी हाकलले, ज्यांनी उपाशी ठेवले, त्यांच्यासमोर या माणसाला मानाने बसवले जाते, डोक्याला तेल लावले जाते. तिथे ते जैतुनाचे, इथे असते तर खुरासणीचे असते. उपाशी माणसाला पोट भरण्याइतकीच मानाचीही गरज असते, हे या स्तोत्राला माहीत आहे. मात्र ‘देव बघेल’ म्हणून रेशनच्या दुकानाचा किंवा अंगणवाडीचा हिशेब विचारायचा नाही, असा अर्थ त्यातून काढणे हा स्तोत्राचा गैरवापर होईल. मेंढपाळ ही उपमा हिब्रू ग्रंथांत राजालाही लावलेली आहे, आणि कळप उपाशी ठेवून स्वतः खाणाऱ्या मेंढपाळांना यहेज्केल संदेष्ट्याने चौतिसाव्या अध्यायात चांगलेच फैलावर घेतले आहे. तो अध्याय तेविसाव्या स्तोत्राच्या जोडीला अवश्य वाचावा.

एकशे एकविसावे स्तोत्र प्रवाशाचे आहे. जेरुसलेमच्या यात्रेला चढत जाणाऱ्यांच्या गाण्यांपैकी ते एक. बोलणारा डोंगरांकडे पाहतो आणि विचारतो, मदत येणार कुठून? उत्तर येते ते डोंगर निर्माण करणाऱ्याकडून. तो तुझा पाय घसरू देणार नाही, त्याचा डोळा लागत नाही, दिवसा ऊन आणि रात्री चांदणे तुला बाधणार नाही, तुझे जाणे आणि येणे तो राखील. आठ वचनांत राखणीचे क्रियापद सहा वेळा येते. घण बसावा तसे ते ऐकू येते. माळ्यावर बसून डुकरांपासून पीक राखणाऱ्याला न झोपणारा राखणदार म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. घर सोडून भिवंडी-वसईकडे जाणाऱ्या आणि शिमग्याला परतणाऱ्या कुटुंबाला ‘जाणे आणि येणे’ हे शब्द कसे लागतील, याचाही विचार करावा.

एक्याण्णवाव्यात पंखांची सावली आहे, पारध्याचा फासा आहे, रात्रीचे भय आणि भर दुपारची मरी आहे. एकशे एकतिसावे तर तीनच वचनांचे. दूध तुटलेले मूल आईच्या अंगावर जसे नुसते टेकून असते, तसा माझा जीव शांत आहे, इतकेच ते सांगते. अंगावरचे मूल भुकेने रडते; दूध तुटलेले मूल काही न मागताही आईजवळ थांबते. मराठी वाचकाला ही दोन स्तोत्रे परकी वाटण्याचे कारण नाही. वारकरी परंपरेने देवाला माउली म्हटले. चाऱ्यासाठी गेलेल्या पक्षिणीची वाट पाहणारी पिले नामदेवांच्या अभंगात आहेत. स्तोत्रकारांनी नामदेव ऐकला नव्हता आणि नामदेवांनी स्तोत्रे. तरीही दोन्हीकडे पंख आले, दोन्हीकडे आई आली.

या स्तोत्रांना मराठीत स्वतःचा इतिहास आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी बायबलमधल्या कथा मराठी कीर्तनांतून सांगितल्या. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. ख्रिस्ती बाजूला रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) येतात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. अभंग, टाळ, कीर्तन ही सगळी सामग्री त्यांनी मराठी उपासनेत आणली. आज चर्चमध्ये त्यांची गीते म्हणताना पुष्कळांना त्यांमागचा हा प्रवास ठाऊक नसतो.

थोडे थांबून ज्यांच्याविषयी वाचावे असे नाव पंडिता रमाबाईंचे आहे. १८५८ साली त्या जन्मल्या. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतल्या भटकंतीत, वडील, आई आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. उरलेला भाऊही काही वर्षांनी गेला. १८८२ मध्ये पतीला पटकीने गाठले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या एकट्या राहिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेला पडलेल्या मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणायचे काम हाती घेतले. जुळारी, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या मुक्ती सदनातल्याच मुली-बायका. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही, ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आईबापांना भुकेने मरताना पाहिलेल्या बाईने मांडलेल्या पंगतीचे वचन मराठीत आणले, आणि ते जुळवणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात दुष्काळातून वाचलेले होते. वावर-वांगणीच्या संदर्भात वर विचारलेला प्रश्न तुमच्या मनात असेल, तर रमाबाईंचे चरित्र त्याला सर्वांत जवळ जाते. उत्तर देते असे म्हणणार नाही; पण तो प्रश्न अंगावर घेऊन जगलेले माणूस ते दाखवते.

आणि याच पालघर जिल्ह्यात, समुद्राच्या बाजूला, वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. नव्या वाचकाने कोणते मराठी बायबल घ्यावे असे विचारले तर मी ‘सुबोध बायबल’ सुचवीन. त्याची भाषा आजची आहे आणि सोबतच्या माहितीने वाट सोपी होते. जुने, चर्चमध्ये रुळलेले भाषांतर जवळ असल्यास दोन्ही शेजारी ठेवावीत.

वाचण्याची पद्धत साधी ठेवावी. स्तोत्र आधी मोठ्याने म्हणावे, कारण ते कानासाठी रचलेले आहे. हिब्रू कवितेत एका चरणात म्हटलेले दुसऱ्या चरणात थोडे फिरवून, वाढवून किंवा उलटवून येते. १७५३ मध्ये रॉबर्ट लौथ या इंग्रज पंडिताने या बांधणीचे पहिले नीट विवेचन केले. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, किंवा लग्नात धवलेरीच्या तोंडून विधीची गाणी ऐकली आहेत, त्यांना ही परतफिरत येणारी चाल पटकन सापडेल. कागदावरून डोळे फिरवणाऱ्या पदवीधरापेक्षा ते यात पुढे असतील. दुसऱ्या वाचनात कोण कोणाशी बोलतो आहे ते पाहावे, आणि भय कशाचे आहे ते शोधावे. भरवशाच्या प्रत्येक स्तोत्रात ते कुठेतरी दडलेले असते: दरी, वैरी, निसरडी वाट, पारधी. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. अर्थ, टीपा, पंडितांची मते यांना त्यानंतर जागा द्यावी. क्रमांकाबाबत एक सूचना: जुन्या ग्रीक-लॅटिन परंपरेत काही स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे असतात, म्हणून एखाद्या कॅथलिक पुस्तकात तेविसावे बाविसावे म्हणून भेटले तर गोंधळू नये.

फक्त दिलाशाची स्तोत्रे वेचून वाचण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. संग्रह बांधणाऱ्यांनी तेविसाव्याच्या आधी बाविसावे ठेवले आहे, आणि ते ‘मला का टाकलेस’ या आकांताने सुरू होते. तेराव्यात बोलणारा ‘कुठवर’ असे लागोपाठ चार वेळा विचारतो आणि सहा वचनांच्या आत भरवशापर्यंत येतो. बेचाळिसाव्यात पाण्यासाठी धापा टाकणारी हरिणी आहे. मोखाड्याच्या उन्हाळ्यात ते वाचावे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी कोणी दिवा आणत नाही, आणि तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात मानाने राहिले आहे. ज्याला आज भरवसा वाटत नाही, त्यालाही या संग्रहात बसायला जागा ठेवलेली आहे.

नव्या वाचकाने तेविसावे, एकशे एकविसावे आणि एकशे एकतिसावे ही तीन आधी घ्यावीत. तिन्ही मिळून सतरा वचने होतात, एका संध्याकाळी वाचून होतील. मग तेरावे, बेचाळिसावे, बाविसावे. एक्याण्णवावे त्यानंतर, कारण त्यातली आश्वासने मोठी आहेत आणि आधीच्या तक्रारी ऐकून मगच ती तोलावीत. अठ्ठ्याऐंशीवे एकट्याने वाचू नये. घरातले किंवा शेजारचे कोणीतरी सोबत असावे, आणि वाचून झाल्यावर लगेच बोलायला सुरुवात करायची गरज नाही.